कोणती कथा खरी मानायची?
एका सचित्र मार्गदर्शिकेच्या निमित्ताने

आवडत्या कथेविषयी वाचक वा प्रेक्षक जेव्हा हिरिरीने वाद घालतात, तेव्हा तो वाद बहुधा दोन प्रश्नांपाशी येऊन ठेपतो. कथा चांगली आहे काय, हा पहिला. आणि ती 'खरी' मानायची काय, हा दुसरा. काल्पनिक कथेच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानमालिकेच्या चाहत्यांनी तो अनेक वर्षे गांभीर्याने चर्चिला आहे. आरन हार्वे आणि रिच शेपिस या लेखकद्वयाचे 'स्टार ट्रेक : द ऑफिशियल गाइड टू द ॲनिमेटेड सीरीज' हे सचित्र पुस्तक २०१९ साली प्रसिद्ध झाले. ते या वादाच्या पार्श्वभूमीवर वाचले, तरच त्याचे मोल कळते.

'स्टार ट्रेक'ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवरून प्रसारित झाली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखविली असल्याने कप्तान कर्क आणि टोकदार कानांचे मिस्टर स्पॉक आपल्याकडील काही घरांनाही परिचित आहेत. मालिका बंद पडल्यानंतर चार वर्षांनी, ८ सप्टेंबर १९७३ रोजी, तीच पात्रे कार्टूनच्या रूपाने परतली. फिल्मेशन या संस्थेने २२ भाग तयार केले. मूळ मालिकेच्या लेखिका डी. सी. फॉन्टाना यांनी कथाविभाग सांभाळला आणि बहुतेक मूळ नटांनीच आवाज दिले. चेकॉव्हची भूमिका करणाऱ्या वॉल्टर कोनिग यांना मात्र खर्चाच्या कारणास्तव वगळण्यात आले. त्यांनी एका भागाची कथा लिहून मालिकेशी नाते राखले. १९७५ साली या मालिकेला मुलांच्या कार्यक्रमांसाठीचा डेटाइम एमी पुरस्कार लाभला.

एवढे असूनही ही मालिका चाहत्यांच्या घरात सावत्र अपत्यासारखी वाढली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस खुद्द मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या कार्यालयानेच ती 'कॅनन'मध्ये, म्हणजे प्रमाण मानलेल्या कथांमध्ये, मोडत नाही असे ठरविले. २००६ साली डीव्हीडी संच निघाल्यानंतर हा बहिष्कार हळूहळू सैल होत गेला. प्रस्तुत पुस्तकाच्या नावातील 'ऑफिशियल' हा शब्द म्हणूनच चाहत्यांना महत्त्वाचा वाटतो. घराबाहेर ठेवलेल्याला दारावरच्या पाटीत जागा मिळावी, तसे काहीसे हे आहे.

'कॅनन' हा शब्द आपल्या वाचकांना नवा नाही. पवित्र शास्त्रातील प्रमाणग्रंथांच्या सूचीसाठी ख्रिस्तसभा तो शतकानुशतके वापरीत आली आहे. कथाप्रेमींच्या व्यवहारात तो शिरला, त्याचे श्रेय सामान्यतः रोनाल्ड नॉक्स यांना दिले जाते. १९११ साली त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांना बायबल-चिकित्सेची पद्धत लावून दाखविणारा एक विनोदी निबंध वाचला. पुढे १९१७ साली ते कॅथॉलिक झाले, धर्मगुरू झाले आणि बायबलचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून नावारूपाला आले. त्यांनी थट्टेने वापरलेली पद्धत पुढे होम्सच्या चाहत्यांनी आणि नंतर इतर कथांच्या चाहत्यांनी मनापासून स्वीकारली.

थट्टा विसरली गेली की गोंधळ सुरू होतो. शास्त्रग्रंथांची सूची मनुष्याच्या श्रद्धेला बांधते. अंतराळयानाच्या कथांची यादी कुणालाही बांधू शकत नाही. हा भेद स्पष्ट ठेवूनही एक साम्य मात्र बोधप्रद आहे. संत अथनासियस यांनी ३६७ साली आपल्या पत्रात नव्या कराराची २७ पुस्तके नमूद केली, तेव्हा ती पुस्तके त्यांनी नव्याने निवडली नव्हती. श्रद्धावंतांच्या समुदायांत ती त्यापूर्वीच वाचली जात होती, उपासनेत ऐकली जात होती. अधिकाराने शिक्कामोर्तब केले, पण त्याआधी समुदायाच्या जीवनात ती रुजलेली होती. कथांच्या क्षेत्रात तर कार्यालयाच्या फर्मानापेक्षा हे रुजणेच निर्णायक ठरते.

याचा पुरावा या मालिकेच्या दुसऱ्याच भागात मिळतो. फॉन्टाना यांनी लिहिलेल्या 'यस्टरइयर' या भागात स्पॉक भूतकाळात जाऊन बालपणीच्या स्वतःलाच भेटतो. पिता व्हल्कन, माता मानव. त्यामुळे इतर मुले त्याला हिणवतात. स्वतःची कसोटी पाहण्यासाठी तो डोंगरात निघून जातो आणि त्याला वाचविताना त्याचा अस्वलासारखा पाळीव प्राणी प्राणघातक जखमी होतो. वैद्य येतो, पण उशीर झालेला असतो. वेदनेसह आयुष्य लांबवायचे की प्राण्याला शांतपणे जाऊ द्यायचे, हा निर्णय त्या बालकाला घ्यावा लागतो आणि तो दुसरा मार्ग पत्करतो. शनिवारी सकाळी लहान मुलांसाठी लागणाऱ्या कार्यक्रमात मृत्यू दाखवावा काय, अशी शंका वाहिनीला आली होती. परंतु निर्माते मागे हटले नाहीत. बाकीची मालिका नाकारणारे अनेक चाहतेही हा भाग स्वीकारीत आले. आदेशाने तो बाहेर गेला नाही, कारण तो त्यांच्या मनात आधीच घर करून बसला होता.

पुस्तकाची खरी सेवा इथे दिसते. बावीसही भागांचा परिचय, पडद्यावरील दृश्ये, पार्श्वचित्रे आणि निर्मितीविषयक कागदपत्रे त्यात एकत्र आली आहेत. कार्टून पडद्यावर क्षणात सरते. कागदावर ते थांबते. मग लक्षात येते की, ज्या मालिकेला काटकसरीची म्हणून नावे ठेवली गेली, तिच्या ग्रहांची पार्श्वचित्रे किती निष्ठेने रंगविली होती. तीन हात आणि तीन पाय असलेला एरेक्स हा अधिकारी त्या काळी जिवंत नटाकडून साकारणे अशक्यच होते. रेखाटनामुळे तो शक्य झाला.

अशा पुस्तकांविषयी चाहत्यांत दोन तट पडतात. एकाला आठवणी जागविणारी चित्रे पुरेशी असतात. दुसऱ्याला परखड हिशेब हवा असतो: तीच दृश्ये पुन्हा पुन्हा का वापरली, हालचाली इतक्या ताठर का, आणि जिथे तिथे गुलाबी व जांभळा रंग का? या रंगांचे खापर दिग्दर्शक हॅल सदरलंड यांच्या रंगांधत्वावर फोडण्याची प्रथा होती. त्यांचे सहकारी बॉब क्लाइन यांनी मात्र रंगकामाचे प्रमुख अर्व्ह काप्लान यांच्या आवडीकडे निर्देश केला. जाणकारांना विचारून, कागदपत्रे तपासून असे प्रवाद निस्तरणे हे प्रेमाचेच काम आहे. आंधळ्या स्तुतीपेक्षा ते अधिक टिकाऊ ठरते.

अधिकृत पुस्तकाची मर्यादाही इथेच आहे. ते माहिती देते. मूल्यमापन करण्याचा भार वाचकावर राहतो. 'द मॅजिक्स ऑफ मेगस-टू' या भागात ल्युसिअन नामक पात्र ल्युसिफर असल्याचे उघड होते आणि कप्तान कर्क त्याची बाजू मांडतो. लेखक लॅरी ब्रोडी यांची मूळ कल्पना तर परमेश्वराच्या भेटीची होती; ती वाहिनीने नाकारली. जीविताची किंमत नावावरून ठरवू नये, हा कर्कचा मुद्दा उदात्त आहे; पण दुष्टत्वाला केवळ गैरसमज ठरवून मोकळे होणे ही विचाराची पळवाट आहे. असा भाग मुलांपासून लपविण्याऐवजी त्यांच्याशेजारी बसून पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे, हेच शहाणपणाचे.

चाहत्यांच्या निष्ठेला हसणे सोपे आहे. परंतु मुलांसाठी केलेल्या, स्वस्त म्हणून हिणविलेल्या एका कामाची कागदपत्रे कुणीतरी जपली, त्यात राबलेल्या अनामिक चित्रकारांचे श्रम पुन्हा उजेडात आणले, हे लहान काम नव्हे. आपल्या घराघरांतील मुलांच्या आवडीकडेही आपण इतक्याच आस्थेने आणि इतक्याच विवेकाने पाहिले पाहिजे. प्रमाण कोणते, हे ठरविण्याची घाई नको. काय रुजले आणि का रुजले, याची विचारपूस मात्र अवश्य व्हावी.