‘स्मृतिचित्रे’तील दुःख आणि श्रद्धा

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराची हकीकत आगगाडीच्या डब्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. नागपूरहून राजनांदगावकडे जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. रायपूरच्या पश्चिमेस वसलेल्या त्या लहानशा संस्थानी गावी त्याचे वाचन झाले आणि गिरिप्रवचनाने कवीचे मन जिंकले. (याच गावी पुढे गजानन माधव मुक्तिबोधांनी आयुष्याची अखेरची वर्षे अध्यापनात घालविली. मराठी मनाच्या दोन थोर अस्वस्थता छत्तीसगडच्या या एकाच गावाने पाहाव्या, हा योग विलक्षण खरा.) १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. चरित्रकाराची कथा येथे सफल होते. लक्ष्मीबाईंची मात्र येथे सुरू होते.

संकटकाळी श्रद्धा कशी टिकली, हा भक्तिवाङ्मयाचा नित्याचा प्रश्न होय. ‘स्मृतिचित्रे’त तो उलटा होऊन येतो. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेले पहिले मोठे दुःख म्हणजे पतीची श्रद्धाच होती. जी शुभवार्ता टिळकांना मुक्ती देणारी ठरली, तिनेच त्यांच्या पत्नीला पतीपासून तोडले, आप्तांच्या आश्रयाला लावले आणि लोकांच्या कीवेचा विषय केले. तेव्हा ख्रिस्ताचे नाव त्यांना सांत्वन देणारे नव्हते. घाव त्याच नावाने झाला होता. पुढे १९०० साली त्यांनी तोच धर्म स्वीकारला. हा स्वीकार पतिनिष्ठेचा परिणाम होता, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ग्रंथाचा पुरावा तसे म्हणू देत नाही.

वडिलांच्या सोवळ्याचे, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याच्या त्या भयंकर हव्यासाचे जे वर्णन आरंभी येते, ते केवळ विनोदाचे स्थळ नव्हे. त्या सोवळ्याखाली घरातील बायका आणि मुले भरडली जात होती, हे बालवयातच या लेखिकेला दिसले होते. पुढे राहुरीस जातिभेद माणसांनीच केला असा विचार मनात येऊन तिने कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला, तेव्हा वरवर आकस्मिक वाटणाऱ्या त्या निर्णयामागे तीस वर्षांचे पाहणे होते. ग्रंथावरून वादविवाद नाही, पापाची दीर्घ मीमांसा नाही. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त शंका आणि समाधान यांची जी पायरीपायरीने चढण आहे, तिचा येथे मागमूसही नाही. या साधेपणामुळे काही वाचकांना लक्ष्मीबाईंची श्रद्धा उथळ वाटते. वस्तुतः दुःख आधी भोगून मग आलेली ही श्रद्धा आहे. तिला नव्या दुःखाचा धक्का बसला, तरी तिची पूर्वकल्पनाच मोडून पडण्याचे कारण उरत नाही.

टिळकांची प्रकृती निराळी. तुकोबांच्या वाटेने ते ख्रिस्तापाशी पोचले आणि ‘अभंगांजली’त दुःख आत्मसमर्पणात विरघळून जाते. काव्य म्हणून हे उंच आहे. पण विरघळण्यापूर्वी ते दुःख कसे होते, हे पुष्कळदा कळत नाही. लक्ष्मीबाईंच्या गद्यात ते तसेच राहते. प्लेग, दारिद्र्य, पतीचे उधळे औदार्य, हे सारे त्या तक्रारीच्या सुरातच सांगतात, आणि मग त्याच वाक्यात हसतात. हे हसू ईश्वराच्या वतीने दिलेले उत्तर नाही. उत्तर न मिळताही संसार चालू ठेवण्याची ती रीत आहे.

१९१९ साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. त्यातील त्यांचा भाग पतीच्या रचनेच्या तोडीचा नाही, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. ओवी सरळ चालते, क्वचित सपाट होते. तरी ज्या चरित्राने एकदा आपले घर मोडले, तेच चरित्र वैधव्यात ओवीमागून ओवी रचीत शेवटास नेणाऱ्या त्या हाताकडे समीक्षेने अद्याप पुरेसे पाहिलेले नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या कौतुकात ते झाकले गेले आहे.