आकारिक मूल्यमापन : नोंदवही आणि विद्यार्थ्याची वही

प्रस्तावना

पेडणे तालुक्यातील तेरेखोल हे गाव गोव्याचे असले तरी ते तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर आहे. जमिनीने ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडीशी जोडलेले आहे. नदीपलीकडील केरीला जाण्यासाठी मात्र फेरीबोट लागते. या परिसरात दोन राज्यांची दोन परीक्षा मंडळे शेजारी नांदतात. गुणपत्रकांचे नमुने वेगळे आहेत, परंतु घरातील कोकणी आणि मालवणी या बोली एकमेकींना अतिशय जवळच्या आहेत. त्यामुळे आकारिक मूल्यमापन माध्यमिक शाळेत कितपत रुजले, हे तपासावयाचे तर येथील भाषाविषयाची वही हा चांगला निकष ठरतो.

संकल्पना

‘आकारिक’ आणि ‘संकलित’ हा भेद मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात मांडला. बेंजामिन ब्लूम यांनी तो विद्यार्थ्यांच्या अध्ययनाला लावला. परीक्षा लहान की मोठी, तोंडी की लेखी, यावर हा भेद अवलंबून नाही. मिळालेल्या माहितीमुळे शिक्षकाचे पुढचे शिकविणे आणि विद्यार्थ्याचे पुढचे पाऊल बदलले, तरच ते मूल्यमापन आकारिक होय. दर आठवड्याला चाचणी घेऊन गुण केवळ नोंदवहीत चढविले, तर ती लहान आकाराची वार्षिक परीक्षाच ठरते.

चुकीचे वाचन

समजा, नववीतील एका विद्यार्थ्याने शेजारच्या मुलीविषयी निबंध लिहिला आणि ‘ती आली’ याऐवजी सर्वत्र ‘ते आले’ असे लिहिले. शिक्षक लाल शाईने खुणा करून दहापैकी पाच गुण देतात. प्रत्यक्षात कोकणीत तरुण मुलीसाठी ‘तें’ हे नपुंसकलिंगी सर्वनाम वापरले जाते. विद्यार्थी निष्काळजी नाही. तो घरच्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळतो आहे. ‘घरी काय म्हणता आणि मराठीत काय लिहावे, हे दोन रकान्यांत मांडा आणि निबंध पुन्हा लिहा’, ही एका ओळीची सूचना त्याला पुढे नेते. ‘पाच’ हा आकडा नेत नाही.

उर्दूच्या वर्गातही हेच घडते. ‘ज़’ या एका उच्चारासाठी ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय ही चार अक्षरे आहेत. जो विद्यार्थी सर्वत्र ‘ज़े’ लिहितो, तो कानावर विसंबून लिहितो. शुद्धलेखन दहा वेळा लिहावयास लावल्याने त्याला कारण कळत नाही. नज़र, नाज़िर, मंज़र, मंज़ूर हे शब्द एकाच धातूचे असून सर्वांत ज़ोय येते, हे दाखविल्यास एका चुकीतून शब्दांचे एक कुटुंब हाती लागते.

योजनेचे परीक्षण

शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात नावानिशी दिली, ही या योजनेची जमेची बाजू होय. परंतु त्याच योजनेने आकारिक मूल्यमापनाला गुणांचा भारांशही दिला. पहिली-दुसरीसाठी तो ७० टक्के होता आणि सातवी-आठवीपर्यंत ४० टक्क्यांवर आला. बेरजेत जाणारा गुण हा निकालाचाच भाग असतो. परिणामी शिक्षकांचे लक्ष वहीवरून नोंदवहीकडे वळले आणि वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात आल्या.

वरच्या वर्गांत हा गोंधळ अधिक स्पष्ट दिसतो. २०१९ च्या दहावी परीक्षेत महाराष्ट्रात भाषा विषयांचे अंतर्गत गुण नव्हते. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रम हेही एक कारण होते. तथापि चर्चा रंगली ती गुणांच्या आधाराची. पुढील वर्षी अंतर्गत २० गुण परत आले. तोंडी परीक्षेमुळे मुलांचे बोलणे सुधारले होते काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. केंद्रीय मंडळानेही २००९ मध्ये नववी-दहावीसाठी आणलेली अशीच योजना २०१७ मध्ये मागे घेतली.

शिक्षकांना साहाय्य

दोष केवळ शिक्षकांवर ढकलणे न्याय्य नाही. त्यांना नमुने मिळाले, सराव मिळाला नाही. इंग्लंडमधील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला आणि त्यानंतर मेडवे व ऑक्सफर्डशायर येथील सहा माध्यमिक शाळांतील २४ शिक्षकांबरोबर सुमारे दीड वर्ष काम केले. तेथे तयार तक्ता दिला गेला नाही. प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या वर्गात काय बदलावयाचे ते ठरविले. संशोधक वर्गात येऊन बसत आणि ठरावीक काळाने सर्वजण एकत्र जमत. प्रश्न विचारल्यावर थांबणे, गुणांऐवजी अभिप्राय लिहिणे, विद्यार्थ्यांनी परस्परांचे काम तपासणे, असे बदल त्यातून आले. गुणांसोबत अभिप्राय दिल्यास अभिप्रायाचा लाभ उरत नाही, हे इस्रायलमधील रुथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात दिसले होते.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे जमणार कसे, हा आक्षेप रास्त आहे. सर्व वह्यांवर रोज अभिप्राय लिहिणे अशक्यच आहे. परंतु दर आठवड्याला पाळीने दहा वह्या नीट वाचणे आणि त्यांत आढळलेली समान चूक सर्व वर्गापुढे मांडणे शक्य आहे. त्यासाठी नवे रजिस्टर लागत नाही. एखादे जुने कमी करावे लागते.

समारोप

गोव्यात २०२४-२५ पासून नववीच्या वर्गात नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आहे आणि आकारिक मूल्यमापन हा शब्द पुन्हा परिपत्रकांत आला आहे. तो पुन्हा भारांशात अडकू नये, यासाठी महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही काही करता येईल. माध्यमिक शाळेत न वाचली गेलेली चूकच पुढे त्यांच्या वर्गात येऊन बसते. नदीच्या दोन्ही तीरांवरील भाषाशिक्षकांना महिन्यातून एकदा पाच-पाच वह्यांसह एकत्र बोलवावे, चुकांमागील कारणे शोधावीत आणि पुढील महिन्यासाठी प्रत्येकाने एकच बदल निवडावा. प्राध्यापकांनी तेथे निरीक्षक म्हणून नव्हे, तर सहवाचक म्हणून बसावे. मंडळे दोन असली, तरी ‘ते आले’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण दोन्ही तीरांवर एकच आहे.