लेनी ब्रूस : शब्द, स्वर आणि साक्ष

विनोदाची चर्चा करताना आपली समीक्षा बहुधा छापील विनोदाचीच चर्चा करीत असते. विनोदाचे शब्द हाती आले म्हणजे विनोद हाती आला, हे तिने जणू गृहीतच धरले आहे. या गृहीताची कठोर परीक्षा अमेरिकेतील लेनी ब्रूस या एकपात्री विनोदकाराच्या आयुष्यात झाली. त्याला शिक्षा झाली ती त्याच्या शब्दांसाठी. परंतु न्यायासनापुढे जे आले ते त्याचेच भाषण होते काय, हा प्रश्न कायद्याइतकाच साहित्यविचाराचाही आहे.

ब्रूसचे मूळ नाव लेनर्ड आल्फ्रेड श्नायडर. न्यूयॉर्क राज्यातील मिनिओला येथे १९२५ साली एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. त्याची आई सॅली मार ही स्वतः रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करीत असे. दुसऱ्या महायुद्धात नौदलात काम केल्यानंतर तो या व्यवसायात शिरला. प्रारंभी नामांकित नटांच्या नकला आणि ठरीव चुटके हेच त्याचे भांडवल होते. पुढे कॅलिफोर्नियातील विवस्त्र नृत्याच्या क्लबांतून त्याने उमेदवारी केली. तेथे विनोद ऐकण्यासाठी कोणी येत नसे. त्यामुळे पाठ केलेले चुटके टाकून मनात येईल ते बोलण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळाले. जॅझचा वादक ओळखीची धून घेऊन तिच्याभोवती जसा विस्तार करतो, तसे त्याचे कथन होऊ लागले. ४ फेब्रुवारी १९६१ च्या मध्यरात्री, भर हिमवादळात, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेला त्याचा कार्यक्रम हा या कर्तृत्वाचा कळस होय.

त्याच्या कलेचे स्वरूप समजून घेण्यास आपल्या नाट्यशास्त्रातील ‘भाण’ या रूपकप्रकाराची कल्पना उपयोगी पडते. भाणात एकच पात्र असते, आणि अदृश्य व्यक्तीचे बोलणे ऐकल्याचा आविर्भाव करून तेच त्याला उत्तर देते. यालाच आकाशभाषित म्हणतात. ब्रूसच्या एका गाजलेल्या प्रवेशात निरनिराळे धर्मोपदेशक एखाद्या व्यापारी कंपनीच्या विक्रेत्यांसारखे सभा भरवतात आणि अखेरीस त्यांच्यापैकी एकाला पोपचा दूरध्वनी येतो. आपल्याला एकच बाजू ऐकू येते. दुसरी आपण मनात रचतो, आणि हसू येते ते या रचण्यातूनच. ज्याचा अर्धा भाग श्रोत्याच्या मनात घडतो, अशा कलाकृतीची संहिता कोणती मानावयाची?

१९६४ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील ‘कॅफे ओ गो गो’ येथे ब्रूसला अश्लील भाषणाच्या आरोपावरून पकडण्यात आले. परवाना खात्याच्या एका निरीक्षकाने श्रोत्यांत बसून त्याच्या बोलण्याची टिपणे घेतली होती. या टिपणांवरून तोच कार्यक्रम त्या निरीक्षकाने आपल्या मुखाने न्यायालयात सांगितला. आपला न्याय या माणसाच्या बेतालपणावरून होणार, अशी ब्रूसची तक्रार होती. ती हास्यास्पद वाटली तरी खरी होती. कोणाही अनुवादकाला तिचे मर्म तत्काळ पटेल. प्रत्येक शब्द जागेवर असूनही वाक्य मेलेले असणे, हा त्याचा नित्याचा अनुभव असतो. पोलिसांनी केलेली ध्वनिमुद्रणेही न्यायालयापुढे होती. मुद्रणात स्वर टिकतो हे खरे. परंतु तो स्वर ज्यांना उद्देशून लागलेला असतो ते श्रोते त्यात येत नाहीत. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा निदान कवीने स्वतः सिद्ध केलेली संहिता न्यायालयाच्या हाती होती. ब्रूसला तेवढेही लाभले नाही.

येथे संस्कृत साहित्यशास्त्राचे स्मरण होते. अश्लीलत्वाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार मानूनही मम्मटाने त्यास सर्वत्र दोष म्हटले नाही. वक्ता कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता यांच्या औचित्याने दोषही गुण ठरतो; वैराग्यपर कथनातील जुगुप्सा हे त्याचे एक उदाहरण. केनेडींच्या हत्येनंतर छापून आलेल्या छायाचित्रांत त्यांची पत्नी मोटारीच्या मागील भागावर चढताना दिसते. ती मदत आणण्यासाठी जात होती, असे जगाला सांगण्यात आले. ब्रूसने ग्राम्य शब्दांत सांगितले की ती जीव वाचवण्यासाठी पळत होती, आणि असे वागणे माणसाला साजेसेच आहे. खोटा आदर्श उभा केला तर उद्या अशाच प्रसंगी पळणारी स्त्री स्वतःला अपराधी मानील, हे त्याचे सांगणे होते. येथे ग्राम्य शब्द त्या आदर्शाची झूल उतरवण्यासाठी येतो. तो गाळला तर नीतिबोधही गळून पडतो.

त्याच्या समर्थकांची भूमिकाही तपासली पाहिजे. लायनेल ट्रिलिंग, जेम्स बॉल्डविन, नॉर्मन मेलर यांसारख्यांनी त्याच्या बाजूने पत्रक काढले आणि त्याला स्विफ्ट, राब्ले, ट्वेन यांच्या परंपरेत बसवले. हेतू उदात्त होता. तथापि या बचावानेही त्याला ग्रंथकारच बनवले. फिर्यादीने त्याचे शब्द सुटे केले. बचावाने त्या शब्दांना साहित्याचा मान दिला. समोरच्या माणसांचा अंदाज घेत क्षणाक्षणाला आपले बोलणे घडवणारा कलावंत दोहोंच्याही नजरेतून निसटला.

४ नोव्हेंबर १९६४ रोजी तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी त्याला दोषी ठरवले आणि पुढील महिन्यात चार महिन्यांची शिक्षा दिली. अपिलासाठी तो जामिनावर सुटला. पण क्लबांचे दरवाजे बंद होत गेले. सर्वांत मोठा घाव त्याच्या कलेवर झाला. उत्तरकाळातील कार्यक्रमांत तो खटल्याची कागदपत्रे हातात घेऊन उभा राहू लागला. साक्षीतील वाक्ये वाचून दाखवी आणि आपण खरोखर काय बोललो होतो ते समजावून सांगू लागे. ज्याने पाठांतर टाकून बोलण्याला मुक्त केले, तो स्वतःच्याच विपर्यस्त संहितेचा टीकाकार झाला. त्या बोलण्यात तळमळ होती, बुद्धी होती. हसू मात्र क्वचितच उरले होते. ३ ऑगस्ट १९६६ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मॉर्फिनच्या अतिसेवनाने तो मरण पावला. २००३ साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी त्याला मरणोत्तर माफी दिली.

ज्या १९६१ साली ब्रूस कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला, त्याच साली पु. ल. देशपांडे ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणू लागले. प्रकृतीने हे दोघे दोन टोकांचे. शिवाय ‘चाळ’ आधी पुस्तक होती आणि मग प्रयोग झाली. त्यामुळे पुस्तक वाचून प्रयोगाविषयी बोलण्याची सोय आपल्याला मिळाली. ही सोय म्हणजे न्याय नव्हे. एकपात्री प्रयोगाची समीक्षा करावयाची तर विराम, लय, आवाजांची अदलाबदल आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांची नोंद करणारी परिभाषा आपल्याला घडवावी लागेल. भाणासंबंधीच्या शास्त्रात तिची बीजे आहेत. ती परिभाषा नसेल तोवर आपण सद्भावनेने का होईना, त्या निरीक्षकाच्याच टिपणवहीतून वाचत राहू.