‘माझा प्रवास’मधील बाजार : निवड, नियमन आणि विश्वास

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या ग्रंथाकडे मराठी समीक्षेने प्रामुख्याने तीन अंगांनी पाहिले आहे : १८५७ च्या उठावाचे प्रत्यक्षदर्शी साधन म्हणून, मराठीतील महत्त्वाचे प्रवासकथन म्हणून आणि आत्मपर लेखनाचा एक नमुना म्हणून. ह्या तिन्ही वाचनांत ग्रंथातील एक सूत्र मात्र दुर्लक्षित राहिले आहे. ते सूत्र म्हणजे देवघेवीचे. काय विकत घ्यावे, काय घेऊ नये, हे कोणी ठरवावे. त्यात राजसत्तेने कितपत हात घालावा. आणि घेणाऱ्याने कोणाच्या भरवशावर घ्यावे, हे प्रश्न गोडसे भटजींच्या कथनात वारंवार येतात. ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य आणि शासनाचे नियमन ह्यांतील वाद आज अर्थशास्त्राच्या परिभाषेत मांडला जातो. त्या परिभाषेतील एकही शब्द ह्या ग्रंथात नाही, हे उघड आहे. परंतु त्या वादाखाली असलेला अनुभव त्यात आहे. झाशीच्या संदर्भात तो अनुभव वाचणे आणि त्यातून ह्या वादाच्या गृहीतकांची तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

निवेदकाचे स्थान प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गोडसे हे वरसई येथील भिक्षुक. घरावर कर्ज झालेले, आणि ते फेडण्यासाठी काही द्रव्य मिळवावे ह्या उद्देशाने ते काकांसह १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे ह्यांच्या नियोजित यज्ञाची वार्ता हे प्रवासाचे निमित्त होते. म्हणजे ह्या प्रवासाच्या मुळाशी कर्ज आहे आणि अपेक्षा दक्षिणेची आहे. दक्षिणा ही विक्री नसते. तिचा दर ठरलेला नसतो. देणाऱ्याची ऐपत, घेणाऱ्याची विद्या आणि दोघांमधील आदर ह्यांवर ती ठरते. बाजाराच्या काठावर उभ्या असलेल्या अशा माणसाला बाजार जसा दिसतो, तसा तो व्यापाऱ्याला किंवा अंमलदाराला दिसत नाही. वस्तूच्या किमतीपेक्षा ती कोणाच्या हातून आली ह्याकडे त्याचे लक्ष अधिक असते. कथनातील ही दृष्टी केवळ सोवळ्याओवळ्याच्या संस्कारातून आली आहे असे मानणे अपुरे ठरेल. वस्तूची पारख स्वतः करण्याचे साधन ज्याच्यापाशी नाही, अशा प्रत्येक घेणाऱ्याची ती दृष्टी आहे.

२

प्रवासात महूच्या आसपास गोडसे ह्यांच्या कानी उठावाची पूर्वसूचना पडते. तिच्यात दोन गोष्टी आहेत : काडतुसांची आणि ८४ कलमांची. सरकारने लोकांचे आचारधर्म बदलणारी ८४ कलमे तयार करून ती राजेरजवाड्यांपुढे ठेवली, असे ते ऐकलेले लिहितात. ही ऐकीव वार्ता आहे आणि इतिहास म्हणून तिचे मूल्य नाही. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तिचा आकृतिबंध महत्त्वाचा वाटावा. कलमे, त्यांची संख्या, जाहीर वाचन हे सारे तपशील कायद्याच्या भाषेतून उचललेले आहेत. कंपनीच्या राज्यात नियम वरून तयार होऊन येतो आणि तो घराच्या उंबऱ्याआत शिरतो, ह्या सार्वत्रिक भयाला लोककथनाने दिलेले ते रूप आहे.

काडतुसांच्या प्रकरणाची दुसरी बाजू सहसा विसरली जाते. तक्रारी आल्यानंतर जानेवारी १८५७ च्या अखेरीस सरकारने शिपायांना एक सवलत दिली : काडतुसे चरबीविना द्यावीत आणि वंगणासाठी लागणारे जिन्नस शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीने आणावेत. म्हणजे शासनाने नियमन मागे घेऊन निवड देऊ केली होती. तिचा उपयोग झाला नाही. संशय चरबीवरून काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला. त्याच वर्षी वसंतात कानपुरास मीरतेकडून कालव्याच्या मार्गाने पीठ आले. ते बाजारभावापेक्षा स्वस्त होते. सरकारी कालव्यावरील गिरण्यांत दळलेल्या त्या पिठात हाडांचा चुरा मिसळला आहे अशी आवई उठली आणि शिपायांनी ते घेण्याचे नाकारले. स्वस्त माल समोर असता गिऱ्हाईक पाठ फिरवते, ही घटना निवडस्वातंत्र्याच्या सिद्धान्ताला अडचणीची आहे. शिपायांनी निवड केली हे खरे; परंतु ती अफवेच्या आधारे केली, कारण खात्रीलायक माहिती मिळण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता. शासनावर विश्वास नव्हता, म्हणून शासनाचे आश्वासन निरुपयोगी ठरले. विक्रेत्यावर विश्वास नव्हता, म्हणून भावातील सवलतही निरुपयोगी ठरली.

स्वतंत्र भारतात १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, आणि पुढे त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्याने, मालाचा दर्जा, प्रमाण, शुद्धता आणि किंमत ह्यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर शाकाहारी-मांसाहारी असल्याची खूण बंधनकारक झाली ती ह्या शतकाच्या आरंभी. वेष्टनावरील हिरवा ठिपका काय घ्यावे हे सांगत नाही, काय आहे एवढेच सांगतो. १८५७ मध्ये नेमक्या अशाच खुणेची उणीव होती. अर्थात ती खूण छापणाऱ्यावर भरवसा असेल तरच तिला अर्थ राहतो.

३

झाशीच्या प्रकरणात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे थोड्या वर्षांत राजसत्ता तीनदा बदलली. गंगाधरराव नेवाळकर ह्यांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. जून १८५७ नंतर सुमारे दहा महिने राणी लक्ष्मीबाईंचा अंमल राहिला. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोज ह्याच्या फौजेने शहर घेतले. खालसा झाल्यानंतर झाशीत पूर्वी बंद असलेल्या गोवधाला मुभा मिळाली. राणीने आणि नगरातील लोकांनी त्यास हरकत घेतली होती आणि असंतोषाच्या कारणांत त्याची नोंद पुढे झाली. मुक्त व्यवहाराच्या भाषेत पाहिले तर जुना निर्बंध उठला आणि ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे अशी स्थिती आली. परंतु निर्बंध उठवण्याचा निर्णयही सत्तेचाच होता, आणि तो ज्यांच्यावर लागू झाला त्यांना विचारून घेतलेला नव्हता. निर्बंध घालणे आणि उठवणे ही दोन्ही राजसत्तेची कृत्ये आहेत. जुन्या बंदीने काहींची निवड नाकारली होती. नव्या मुभेने इतरांचे म्हणणे नाकारले. बाजार आपोआप मुक्त असतो आणि शासन बाहेरून येऊन त्यात ढवळाढवळ करते, ही कल्पना झाशीच्या उदाहरणावर टिकत नाही.

राणीच्या अंमलाचे जे चित्र गोडसे रेखाटतात, त्यातील एक प्रसंग ह्या दृष्टीने बोलका आहे. थंडीच्या दिवसांत महालक्ष्मीच्या दर्शनाहून परतताना राणीला भिकाऱ्यांचा मोठा जमाव दिसतो. थंडीने त्रासलेले लोक वस्त्रे मागत आहेत, असे कळल्यावर ती त्या सर्वांना अंगरखा, टोपी आणि घोंगडी देण्याची आज्ञा करते आणि शहरातील शिंपी कामाला लावले जातात. येथे राजसत्ता बाजारात सरळ उतरते. कारागिरांचे श्रम ती एका कामाकडे वळवते. निवेदकाला ह्यात दडपशाही दिसत नाही. दक्षिणेवर जगणाऱ्या माणसाला दातृत्व हेच राज्याचे लक्षण वाटावे, हे स्वाभाविक आहे. समीक्षकाने मात्र एवढी नोंद केली पाहिजे की शिंप्यांची बाजू कथनात नाही. त्यांना मजुरी काय मिळाली, इतर गिऱ्हाइकांची कामे किती दिवस खोळंबली, हे प्रश्न निवेदकाला पडत नाहीत. राणीविषयीचा त्याचा आदर खरा असला तरी तो ह्या मौनाची भरपाई करीत नाही.

शहर पडल्यानंतरच्या लुटीचे वर्णन ह्याच प्रसंगाशेजारी ठेवून वाचावे लागते. कत्तलीचा वृत्तान्त सांगताना गोडसे लुटीला एक क्रम असल्याचे दाखवतात : प्रथम सोनेनाणे, नंतर भांडीकुंडी, कापडचोपड, आणि अखेर धान्यधुन्य. वस्तूंची प्रतवारी बाजार करतो तशीच लूटही करते. येथे शिस्त आहे, पाळी आहे, वाटणी आहे. नाही ती संमती. नियम आहेत म्हणजे न्याय आहे असे नव्हे, हे ह्या पानांवर कोणतेही भाष्य न करता सिद्ध होते. ग्रंथातील सर्वांत संयत आणि म्हणूनच सर्वांत भयंकर गद्य ह्या भागात आहे. यादीचे रूप घेतलेले ते वर्णन वाचताना घर ह्या संस्थेचा एकेक थर उतरत गेल्याचा प्रत्यय येतो.

४

गोडसे ह्यांनी हे कथन लिहिले ते घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या आसपास. ह्या लेखनकाळाकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. ब्रिटिश अंमलात जमीन गहाण टाकण्याची आणि विकण्याची मोकळीक मिळाली, रोख सारा भरण्याची सक्ती झाली, आणि जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. दख्खनेत १८७५ मध्ये दंगे झाले आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. झाशी विभागातील कर्जबाजारी जमीनदारांसाठी १८८२ मध्ये स्वतंत्र कायदा आला, आणि १९०३ च्या कायद्याने बुंदेलखंडात जमीन शेतकरी नसलेल्यांच्या हाती जाण्यावर निर्बंध घातला. म्हणजे गोडसे ज्या प्रांतातून निघाले तेथे आणि ज्या प्रदेशात पोहोचले तेथे, दोन्हीकडे करारस्वातंत्र्याचे परिणाम पाहून त्याच शासनाला तीन-चार वर्षांच्या अंतराने माघार घ्यावी लागली होती. झाशी शहर तर त्या वेळी ब्रिटिशांकडे नव्हतेच. १८६१ पासून ते शिंद्यांकडे होते आणि १८८६ मध्ये परत गेले. कर्जाने प्रवासाला निघालेल्या भिक्षुकाची कथा ऋणविषयक कायद्यांच्या ह्या काळात कागदावर उतरली. ह्या दोहोंत कार्यकारणसंबंध जोडता येणार नाही; परंतु सामायिक पार्श्वभूमी म्हणून ती ध्यानात ठेवली, तर ग्रंथारंभीचे कर्ज केवळ कौटुंबिक अडचण राहत नाही.

५

निवड आणि नियमन ह्यांचा प्रश्न अखेरीस ह्या ग्रंथालाच लागू होतो. लेखकाच्या हयातीत तो छापला गेला नाही. चिंतामण विनायक वैद्य ह्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तो मूळ संहितेत फेरफार करून. देशी वृत्तपत्रांवरील १८७८ चा कायदा रद्द झाला असला तरी राजद्रोहाचे कलम होते आणि १८९७ मध्ये टिळकांना त्याखाली शिक्षा झालेली होती. फेरफारांमागे सावधगिरी किती आणि संपादकाची अभिरुची किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. परिणाम मात्र स्पष्ट आहे. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार ह्यांच्या संपादनाने १९६६ मध्ये छापून येईपर्यंत, जवळजवळ साठ वर्षे, मराठी वाचक जे वाचत होता त्यात गोडसे कोठे संपतात आणि वैद्य कोठे सुरू होतात, हे छापील पानावर दिसत नव्हते.

ह्याच्या शेजारी विनायक दामोदर सावरकर ह्यांच्या १८५७ वरील ग्रंथाचे उदाहरण ठेवावे. त्यावर १९०९ मध्ये प्रकाशनापूर्वीच सरकारने बंदी घातली. ती बंदी अन्यायकारक होती, परंतु उघड होती. काय नाकारले जात आहे हे वाचकाला ठाऊक होते, आणि म्हणूनच ग्रंथ गुप्तपणे फिरत राहिला. ‘माझा प्रवास’ दुकानात मिळत होता, विकत घेता येत होता. पण घेणाऱ्याला मालाची पुरती माहिती नव्हती. ज्या पुस्तकावर बंदी होती त्याच्या वाचकापेक्षा ज्याच्यावर नव्हती त्याचा वाचक एका अर्थाने अधिक पराधीन होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. वैद्य नसते तर ग्रंथ लिहिलाच गेला नसता आणि मूळ हस्तलिखित जतनही झाले नसते, हे ऋण मान्य करूनही ही गोष्ट नोंदवली पाहिजे.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने येथे काम पुष्कळ आहे. अमृतलाल नागर ह्यांचा हिंदी अनुवाद ‘आँखों देखा गदर’, तसेच २०११ पासून थोड्या वर्षांत आलेले मृणाल पांडे, सुखमणी रॉय, आणि प्रिया आडारकर व शांता गोखले ह्यांचे इंग्रजी अनुवाद आता वाचकासमोर आहेत. एका संहितेची इतकी रूपे उपलब्ध असणे ही निवडीची समृद्धीच होय. परंतु कोणता अनुवाद कोणत्या मराठी पाठावर उभा आहे, हे ताडून पाहिल्याशिवाय त्यांची तुलना करणे म्हणजे खूण न पाहता माल उचलणे होय. अनुवादाभ्यासात ह्या पडताळणीला प्राथमिक स्थान मिळाले पाहिजे.

गोडसे ह्यांनी मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. घरी त्यांनी आणली ती आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड. साऱ्या ग्रंथात जिच्या शुद्धतेविषयी शंका घ्यावी लागत नाही अशी ही एकच वस्तू, कारण भरणारा, वाहणारा आणि देणारा एकच होता. समाजाचा व्यवहार अशा कावडींवर चालत नाही. तो अनोळखी हातांतून आलेल्या पिठावर, कापडावर आणि पुस्तकांवर चालतो. म्हणून निवडीचे स्वातंत्र्य आणि शासनाचे नियमन ह्यांपैकी एकाची बाजू घेण्याआधी, वस्तूविषयीचे खरे काय ते घेणाऱ्यापर्यंत पोहोचते की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. ते पोहोचत नसेल, तर मोकळ्या बाजारात निवड अफवेवर चालते आणि नियमनाच्या राज्यात आज्ञेवर. ‘माझा प्रवास’ ह्या दोन्ही अवस्थांची साक्ष देतो, आणि त्याच्या छापील रूपाचा इतिहास त्याच साक्षीत भर घालतो.