धूपदानातून कुपीत

चर्चमधील धूपाचा वास अंगाला लावण्याचे अत्तर होऊन युरोपात विकला जातो, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. परदेशी गेलेल्या मुलांनी पाठविलेल्या कुप्या मात्र काही घरांत आढळतात. अशा दोन कृतींचा येथे विचार करावयाचा आहे.

पहिली ‘आव्हीन्यों’. कॉम दे गार्सों या पोशाखांच्या जपानी कंपनीने २००२ साली पाच धूपगंधांची माला काढली. त्यांत कॅथलिक परंपरेसाठी हा गंध आहे (आपले जैसलमेरही त्याच मालेत आहे). सुगंधकार बर्त्रां द्युशोफूर यांची ही रचना अनुकरण म्हणून जवळजवळ निर्दोष. थंड दगड, जुने लाकूड आणि वेदीभोवती रेंगाळणारा ऊद. ऊद म्हणजे मागी लोकांनी बाळ येशूला अर्पिलेला तो डिंक. अत्तरवाल्यांचा ऊद अगरूचा, तो निराळा. परंतु या चर्चमध्ये माणूस नाही. उपासना आटोपून दारे लावल्यावरचा हा वास आहे.

दुसरी कृती, ‘लाव्स’, अधिक विचार करावयास लावते. तिचे कर्ते फिलिप्पो सोर्चिनेल्ली हे इटलीतील ऑर्गनवादक व याजकीय वस्त्रांचे कारागीर. पोप सोळावे बेनेडिक्ट व पोप फ्रान्सिस यांची वस्त्रे त्यांच्या कार्यशाळेत तयार झाली. वस्त्रे रवाना करण्यापूर्वी त्यांवर शिंपडावयाचा सुगंध पुढे कुपीत आला. मिरी, लवंग, वेलची व त्यांखाली राळेचा गडद थर. येथे ऊब आहे, माणसाचा सहवास आहे.

तरीही एक प्रश्न उरतो. मिस्सेत वेदीला, शुभवर्तमानग्रंथाला, याजकाला व भाविकांना धूप दाखविला जातो, अंत्यविधीत शवपेटीलाही. दृढीकरणात कपाळी लागणाऱ्या तेलातही सुगंधी बाल्सम असतो. देहाला सुगंधाचा मान ख्रिस्तसभेने कधी नाकारला नाही. मात्र तो दुसऱ्याच्या हातून मिळतो. याजकही स्वतःला धूप दाखवीत नाही. निर्गमच्या ३०व्या अध्यायात पवित्र धूपाची कृती आहे, आणि स्वतः वास घेण्यासाठी तसा धूप करणाऱ्याला कठोर ताकीदही आहे.

सोर्चिनेल्लींचा सुगंध दुसऱ्याच्या वस्त्रावर होता तोवर या परंपरेत बसत होता. विकत घेऊन स्वतःच्या मनगटाला लावताच त्याची दिशा पालटते. लग्नसमारंभात कोणी तो लावून आले तर माझी हरकत नाही. मिस्सेला येताना मात्र लावू नये, असे सांगेन. धूपदान घेतलेला मुलगा तेथे आपल्याकडे येतच असतो.