जिरे, तुर्क आणि व्युत्पत्तीची पळवाट

आज एकच जर्मन शब्द घेऊ : 'क्युमेलट्युर्के'. क्युमेल म्हणजे आपल्या जिऱ्याच्या कुळातले विलायती जिरे. ट्युर्के म्हणजे तुर्क. जर्मनीत तुर्की माणसाला हिणवायला ही शिवी वापरतात. आपण चटकन म्हणू, तुर्क जिरे खातात, म्हणून हे नाव. पटते की नाही? पण उगम तो नव्हे.

अठराव्या शतकाच्या अखेरचा हा विद्यार्थ्यांच्या बोलीतला शब्द. हाले इथे १६९४ साली विद्यापीठ स्थापन झाले. त्या गावाच्या आसपास क्युमेलची शेती मोठी. त्या टापूला थट्टेने 'जिऱ्याचा तुर्कस्तान' म्हणत आणि तिथून शिकायला आलेल्या पोराला क्युमेलट्युर्के. म्हणजे मूळचा क्युमेलट्युर्के हा चक्क जर्मन! पुढे 'कोत्या मनाचा माणूस' असाही अर्थ आला. मग ३० ऑक्टोबर १९६१ला पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. तुर्की कामगार आले आणि जुना शब्द त्यांना चिकटला.

आता कोणी म्हणेल, मूळ अर्थ इतका निरुपद्रवी, मग राग कशाला? इथे आम्ही थांबतो. उगम सांगितला की अर्थ सांगितला, असे होत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात पाहावा, हे विट्गेनश्टाइनने शिकवले. कारखान्याच्या दारात ज्याच्या तोंडावर हा शब्द फेकला गेला, त्याला हालेच्या शेतांशी काय देणेघेणे?

आणि उगम तरी तितका निर्मळ आहे का? शेजारच्या खेडुताला हसायचे तर त्याला 'तुर्क' का म्हणावे लागले? तुर्क हा आधीच परका, हसण्याजोगा ठरलेला होता म्हणून ना! आमच्या मते बीज तिथेच आहे.

फेब्रुवारी २०१८मध्ये एएफडी पक्षाचे आंद्रे पोगेनबुर्ग यांनी जाहीर भाषणात जर्मनीतल्या तुर्की समाजाच्या प्रतिनिधींना 'क्युमेलहेंडलर', म्हणजे जिरेविके, म्हटले. हे गृहस्थ तेव्हा झाक्सन-आनहाल्ट राज्यातले पक्षप्रमुख होते. आणि हाले त्याच राज्यात! ज्या मातीत क्युमेल पिकले, तिथलाच नेता दुसऱ्याला जिरेविके म्हणतो.

व्युत्पत्ती शब्दाचा प्रवास दाखवते; बोलणाऱ्याला माफी देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तो असलाच, तर ऐकणाऱ्याला आहे.