तिचा फोन लॉकरमध्ये असतो

मागच्या पावसाळ्यात मी एका वाचनाच्या ॲपवर बारा भागांची प्रेमकथा लिहिली. नायिका केतकी, वय चोवीस, औषध कंपनीत नोकरी, पाऊस आणि जुनी गाणी आवडतात. नायक अर्थातच सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी बोईसरचा, पण कथा पुण्यात घडवली. प्रेमकथा पुण्यातच घडतात असा माझा समज होता. खाली बदामांच्या इमोजींची रांग लागली. मी खूश.

पालघरची माझी एक मैत्रीण आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये ती काम करते. तिने बाराही भाग वाचले आणि विचारलं, "ही बाई कामाला कधी जाते रे?"

मी म्हटलं, जाते की, पहिल्याच भागात लिहिलंय.

"लिहिलंयस. पण जात नाही. आणि मेसेजला दोन सेकंदांत उत्तर कशी देते? आमचे फोन लॉकरमध्ये असतात."

फर्स्ट शिफ्ट सात ते तीन. त्यासाठी पहाटे पालघर स्टेशन, मग उमरोळी, मग बोईसर, तिथून शेअर रिक्षा. आठ तास फोन नाही. संध्याकाळी केसांना सॉल्व्हंटचा वास. माझ्या कथेतला सगळ्यात मोठा गैरसमज केतकीने एका मेसेजला तासभर उत्तर न दिल्यामुळे होतो. मैत्रिणीला तिथे हसू आलं होतं.

आमच्या कामात 'युजर पर्सोना' नावाचा प्रकार असतो. ॲप बनवण्याआधी एक काल्पनिक माणूस तयार करायचा: नाव, वय, पगार, छंद. स्लाइडवर तो छान दिसतो. प्रत्यक्षात वापरणारा माणूस मात्र एका हातात पिशवी घेऊन विरार-डहाणू लोकलच्या दारात उभा असतो आणि त्याचा अंगठा आपल्या बटणापर्यंत पोचतच नाही. केतकी ही तशी स्लाइड होती. आज मोबाइलवर वाचल्या जाणाऱ्या बऱ्याच मराठी प्रेमकथांमधली माणसं अशीच असतात. त्यांना आवडीनिवडी असतात, पण अडचणी नसतात.

ही तक्रार नवी नाही. ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन'मध्ये कथा-कादंबरी कशी रचावी याचं तंत्र मांडलं. त्यांच्या कादंबऱ्यांवर पिढ्या भाळल्या. पण त्यांच्या नायक-नायिकांना पोटापाण्याची चिंता फारशी छळत नाही, असा आक्षेपही घेतला गेला. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं. लेखिका होत्या पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या बाई. त्यात शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुली होत्या, त्यांच्या इच्छा होत्या आणि घरच्यांची गणितंही होती. पुस्तकाने खळबळ उडवली. नोकरी ही नायिकेची फक्त ओळख नसते, तिच्या प्रेमाचा आकार ती ठरवते, हे तेव्हाच लिहून झालं होतं. मी नव्वद वर्षं उशिरा पोचलो.

पण नुसते तपशील भरले की पात्र खरं होतं का? मैत्रिणीचं ऐकून मी आधी तेच केलं. लॉकर घातला, शिफ्ट घातली, रिक्षा घातली. केतकी तशीच राहिली, फक्त तिच्याभोवती सामान वाढलं.

मग मी आवडलेल्या गोष्टींकडे परत गेलो. 'सैराट' (२०१६) सगळ्यांनी पाहिलाय. आर्ची म्हटलं की बुलेट आणि ट्रॅक्टर आठवतो. पण बुलेट चालवणारी मुलगी कोणीही लिहील, तो पर्सोनाचाच एक रकाना आहे. मला आर्ची खरी वाटते ती हैदराबादच्या झोपडपट्टीत. गावात हुकूम सोडणाऱ्या या मुलीला स्वयंपाक येत नाही, घाण सहन होत नाही, आईची आठवण येते. पुढे ती बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात कामाला लागते. आणि इतका वेळ आपल्याला गोड वाटलेला परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. ती निघून जाते, मग परत येते. पहिल्या अर्ध्या भागात दोघं एकमेकांना हवी असतात. दुसऱ्या अर्ध्यात ती एकमेकांना कळायला लागतात, आणि कळतं ते सगळं आवडणारं नसतं. नागराज मंजुळेंनी त्यांना सवलत दिली नाही, म्हणून ती आपली झाली.

मिलिंद बोकीलांच्या 'शाळा' (२००४) मध्ये वेगळी गंमत आहे. आणीबाणीचे दिवस, नववीतला मुकुंद जोशी, आणि त्याची 'शिरोडकर'. नाव नाही, आडनाव. शाळेत मुलं मुलींना आडनावानेच ओळखतात, त्यामुळे पहिल्या पानापासून आपला विश्वास बसतो. पण मोठी गोष्ट पुढे आहे. आपल्याला शिरोडकर फक्त मुकुंदच्या नजरेतून दिसते, तरी ती त्याच्या नजरेत मावत नाही. तिचं स्वतःचं घर आहे, तिथले निर्णय आहेत. शेवटी ती गाव सोडून जाते, आणि त्यात मुकुंदला कोणी विचारत नाही. कोण विचारणार?

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) याच्याही पुढे जाते. तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरी राहायला आलेल्या एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. आधी एकाचं कथन, मग दुसरीचं. त्या पेइंग गेस्टला नाव नाही. दोघं सांगतात ते तुकडे जोडले तरी पूर्ण माणूस तयार होत नाही. पर्सोनाच्या भाषेत हे पात्र रिकामं आहे. तरी ते डोक्यातून जात नाही, कारण प्रेमात आपण समोरच्याचं स्वतःपुरतं एक चित्र काढतो आणि तोच माणूस समजतो, ही चूक लेखकाने पकडलेली आहे.

या तिन्ही ठिकाणी मला एक गोष्ट सारखी दिसली. प्रिय व्यक्ती प्रेम करणाऱ्याच्या इच्छेबाहेर काहीतरी करू शकते. नकार देऊ शकते, निघून जाऊ शकते, निराश करू शकते.

स्वप्नं लिहू नयेत, असं माझं म्हणणं नाही. दहा तास उभं राहून घरी आलेल्या मुलीला सीईओ नायकाची कथा वाचावीशी वाटली तर तिला हसणारा मी कोण? मीही त्या वाचतो. पण त्यातल्या ज्या लक्षात राहतात, त्यातही नायिका कुठेतरी अडून बसलेली असते.

मैत्रीण त्या दिवशी आणखी एक वाक्य बोलली होती. ते मी बरेच दिवस टाळलं. ती म्हणाली, "तुझी केतकी बारा भागांत एकदाही नाही म्हणत नाही."

केतकी तिच्यावरूनच घेतली होती. मी तिला सांगितलं नव्हतं, तिला कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी केळव्याच्या किनाऱ्यावर मी तिला विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. शांतपणे, कारणासकट. आमची मैत्री टिकली. मला वाटलं होतं, मी ते स्वीकारलंय. पण कथेत मी तो नकार बग असल्यासारखा दुरुस्त केला होता. तिची नोकरी घेतली, हसणं घेतलं, बोलण्याची ढब घेतली आणि नेमकी तीच गोष्ट काढून टाकली, जी पूर्णपणे तिची होती. पात्र पटत नाही याचं कारण दर वेळी कौशल्याची कमतरता नसते. कधीकधी लेखकाला समोरचा माणूस नकोच असतो, त्याचा होकार तेवढा हवा असतो.

मी कथा ॲपवरून काढली आणि तिची माफी मागितली. पुन्हा लिहू का, असंही विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला घेऊ नकोस."

नवी नायिका बोईसरच्या चित्रालय भागात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. नायक फुटलेली स्क्रीन घेऊन येतो. दोन भाग झालेत. तिसऱ्यात तो तिचा नंबर मागतो आणि ती त्याला दुकानाचा नंबर देते.